पेरावं तसं उगवतं, पण कुठे पेरलं ते सांगा की!

बियाणं मोठं की माती मोठी हा वाद परत पेटलाय. मे २०२५ मध्ये भारतात जीन एडिटिंग केलेले, म्हणजे झाडाच्या स्वतःच्याच जीन्समध्ये नेमका बदल केलेले, भाताचे दोन वाण जाहीर झाले, त्यातल्या 'कमला' नावाच्या वाणाचं उत्पादन मूळ सांबा महसुरीपेक्षा १९ टक्के जास्त येतं असं सांगितलं गेलं, आणि झालं, लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो बघा, शेवटी सगळा खेळ जीन्सचा आहे, खत-माती वगैरे सगळं वरवरचं. दुसरा तट म्हणतो कसलं बियाणं घेऊन बसलाय, माती मेली, पाऊस बेभरवशाचा झाला, आता सोन्याचं बी टाकलं तरी पदरात तेवढंच पडणार. दोन्हीकडचं भरपूर वाचलं, चिकाटीने वाचलं, आणि एक साधी शंका कोणालाच कशी आली नाही याचं नवल वाटत राहिलं. १९ टक्के, पण कुठे? किती पाण्यावर, किती नत्रावर, कधीच्या लावणीवर, किती ठिकाणांची सरासरी काढून? ज्या जीनमध्ये बदल केलाय तो लोंबीत दाणे किती धरायचे याच्याशी संबंधित आहे. आता दाणे जास्त धरले म्हणून ते सगळे भरतीलच असं थोडंच आहे, भरायला पानांनी साखर करायला हवी, त्याला ऊन लागतं, नत्र लागतं, पाणी लागतं. म्हणजे तो १९ चा आकडा बियाण्याच्या पोटात नसतो, बी आणि शेत एकत्र आल्यावर कधीतरी तयार होतो, आणि शेत बदललं की तोही बदलतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको. "यील्डमध्ये, म्हणजे उत्पादनात, जीन्सचा वाटा किती टक्के आणि वातावरणाचा किती टक्के" हा प्रश्न जोपर्यंत कुठलं बी आणि कुठलं शेत ते सांगत नाही तोपर्यंत त्याला उत्तरच नाही, मग ते ५०-५० असो नाहीतर ८०-२०. आणि "अहो दोन्ही महत्त्वाचं आहे" हे जे शहाणपणाचं उत्तर मधले लोक देतात ना, त्याचा मला दोन्ही तटांपेक्षा जास्त राग येतो. कारण ते ऐकून सगळे माना डोलावतात आणि विचार तिथेच थांबतो. दोन्ही महत्त्वाचं हे शेंबड्या पोरालाही कळतं हो. प्रश्न असा आहे की एकच जीन एका शेतात फायद्याचा, दुसऱ्यात बिनकामाचा आणि तिसऱ्यात चक्क नुकसानीचा कसा ठरतो, आणि हे माहीत असताना आपण वाणांची निवड, चाचण्या, शिफारशी कशा करतो.

गव्हाचंच घ्या, कारण जीनवाल्यांचा हा सगळ्यात लाडका किस्सा. १९३५ च्या सुमारास जपानमध्ये नोरिन-१० नावाचा बुटका गहू तयार झाला, महायुद्धानंतर १९४६ मध्ये त्याचं बी अमेरिकेत गेलं, तिथे ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचे संकर केले, तिथून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हातात पडलं आणि पुढचा हरितक्रांतीचा इतिहास सगळ्यांना तोंडपाठ आहे. बुटकेपणाच्या दोन जीन्सनी जग बदललं, असं सांगतात. खोटं नाही ते. पण त्या जीन्सनी नेमकं केलं काय? जिबरेलिन नावाचं जे वाढीचं संप्रेरक असतं त्याला झाड जवळजवळ बहिरं केलं, म्हणून काड आखूड राहिलं. एवढंच. यात दाणा वाढवणारं वरकरणी काहीच दिसत नाही. गंमत शेतात गेल्यावर कळते. जुन्या उंच गव्हाला भरपूर नत्र दिलं की तो कमरेच्या वर जायचा, ओंबी जड व्हायची, आणि दाणा दुधात असताना एखादी वाऱ्यासकट सर आली की काड खालच्या पेऱ्यांपाशी वाकायचं, अख्खं पीक एका दिशेला झोपायचं, जणू कोणी वरून रूळ फिरवला. मग खालचा दाणा पोचट, मातीला टेकलेली ओंबी कुजायची किंवा तिच्यातच मोड यायचे. त्यामुळे उंच गहू लावणारा माणूस जास्त खत द्यायला घाबरायचा, आणि त्याचं बरोबरच होतं.

आता हिशेबापुरते माझ्या मनाचे आकडे घेतो. उंच गहू बिनखताचा १ टन, बुटका बिनखताचा १ टन, उंच गहू खत घालून दीड टन आणि बुटका खत घालून ४ टन. तर या ३ टनांच्या वाढीतलं जीनचं किती आणि खताचं किती? आधी बी बदललं आणि मग खत घातलं तर वाटेल सगळी करामत खताची, आधी खत घातलं आणि मग बी बदललं तर वाटेल जवळपास सगळी बियाण्याची. एका हाताने टाळी वाजत नाही हे आपण म्हणतो खरं, पण मग उजव्या हाताचा आवाज किती टक्के असं विचारायला परत मोकळे.

मातीवाल्यांकडेही चांगले पत्ते आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाचं शेत आहे, १८४३ पासून तिथे गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून कसलंच खत नाही, आणि तिथला गहू हेक्टरी टनाच्या आसपासच घुटमळतोय. मधल्या काळात वाण कितीदा बदलले, १९६८ पासून तर आखूड काडाचे नवे वाण आले, शेजारच्या खत घातलेल्या पट्ट्यांत उत्पादन कित्येक पट झालं, पण या उपाशी पट्ट्यात फारसा फरक नाही. दुसरं म्हणजे अनेक ठिकाणी, अनेक वर्षं एकाच वेळी अनेक वाण लावून चाचणी घेतली की यील्डमधल्या एकूण फरकापैकी सगळ्यात मोठा हिस्सा, बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या घरात, ठिकाण आणि हंगाम यांचाच निघतो, वाणांचा हिस्सा त्यापुढे किरकोळ. झालं की मग, विषय संपला, नाही का?

नाही संपला. कारण हा ८० आकडा कुठून आला बघा. चाचणीत एक भरपूर पाण्याचं ठिकाण आणि एक कोरडं ठाक ठिकाण घेतलं की वातावरणाचा वाटा फुगतो, सगळी ठिकाणं सारख्या ओलिताची घेतली की तोच वाटा आटतो आणि जीन्सचा वर येतो. बी तेच, जीन्स तेच, फक्त नकाशावर टाचण्या कुठे टोचल्या त्यावर टक्केवारी ठरली! आणि फरकातला वाटा मोठा असणं वेगळं, आपल्या हातात ते असणं वेगळं. पाऊस किती पडणार हे कोणी पेरणीच्या दिवशी ठरवू शकत नाही, बी कुठलं पेरायचं ते ठरवू शकतं. वाटे पाडण्याचं हे गणित १९२० च्या दशकात ज्यांनी मांडलं ते संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर याच रॉथमस्टेडला होते, आणि त्यांच्या मांडणीत वाण आणि खत यांच्या जोडीला तिसरा रकाना होता, वाण-खत परस्परक्रियेचा, म्हणजे एकाचा परिणाम दुसऱ्यावर किती अवलंबून आहे त्याचा. वाद घालणाऱ्यांनी पहिले दोन रकाने उचलले आणि तिसरा फेकून दिला. (कबूल करायला हवं की फिशर यांच्या १९२३ च्या पहिल्या प्रयोगात, तो बटाट्याचा होता, हा तिसरा रकाना जवळपास रिकामाच निघाला. इतिहास असा कधीकधी आपल्या बाजूने साक्ष देत नाही.)

तिसऱ्या रकान्यात काय दडलेलं असतं ते मक्याइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात मक्याचं सरासरी उत्पादन हेक्टरी दीड टनाच्या आसपास होतं, आता ११ टनांच्या आसपास आहे. एवढी झेप कोणामुळे? मक्याचे ब्रीडर, म्हणजे नवे वाण तयार करणारे, डोनाल्ड डुविक यांनी यावर बरीच वर्षं काम केलं, पद्धत सरळ होती, १९३० पासूनचे प्रत्येक दशकातले हायब्रीड एकाच शेतात शेजारी-शेजारी लावायचे, विरळ आणि दाट अशा दोन्ही पद्धतींनी. विरळ लावल्यावर, म्हणजे प्रत्येक झाडाला भरपूर जागा दिल्यावर, आजोबा हायब्रीड आणि नातू हायब्रीड यांच्यात एका झाडामागे फारसा फरक पडत नाही! म्हणजे ७० वर्षांच्या ब्रीडिंगने एकट्या झाडाची ताकद जवळपास वाढलीच नाही. पण दाटीत लावले की जुना हायब्रीड कोलमडतो, काही झाडांना कणीसच धरत नाही, काही आडवी होतात, आणि नवा त्या गर्दीत उभा राहून कणीस भरतो. तेव्हा हेक्टरी ३० हजारांच्या आसपास झाडं असायची, आता ८० हजारांच्या घरात असतात. एवढी गर्दी पोसायला नत्र लागलं, तणनाशक लागलं, नेमकी पेरणी करणारं यंत्र लागलं. आणि ते सगळं असून जुनं बी असतं तर गर्दीत गुदमरलं असतं. डुविक यांनी स्वतः निम्मं-निम्मं असा अंदाज दिला खरा, पण तिथेच हेही सांगितलं की दोन्हींपैकी एकट्याने ही मजल मारणं शक्य नव्हतं. लोक पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गाळतात.

बरं, आत्तापर्यंतची सगळी उदाहरणं अशी आहेत की चांगलं बी आणि चांगलं शेत एकमेकांना वर ढकलतात. यावर जीनवाला म्हणेल, ठीक आहे ना मग, नवं बी गरीब शेतात बरोबरीत आणि श्रीमंत शेतात सरस, म्हणजे कुठेही नवंच लावा, तोटा काय? हा प्रश्न मला खरंच भारी वाटतो आणि याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांच्याकडे पुरावाही आहे, २०१९ मध्ये पश्चिम युरोपातल्या ५० वर्षांतल्या १९१ गव्हाच्या वाणांची तुलना छापून आली, त्यात नवे वाण कमी खतात आणि बिनबुरशीनाशकाच्या प्लॉटमध्येसुद्धा जुन्यांपेक्षा सरस निघाले. नवे वाण म्हणजे फक्त खताचे लाडावलेले, हा जो सरसकट आरोप होतो तो त्या गव्हाच्या बाबतीत टिकत नाही, आणि मातीवाल्यांनी तो आता सोडून द्यावा.

पण तिथे बदललं काय होतं? खत आणि औषध. पावसाचा तोच पट्टा, तोच खंड, तीच थंडी. आता खताऐवजी ओल बदलून बघा. गव्हाचं बी जमिनीत रुजतं तेव्हा कोवळ्या पानाभोवती एक टोपण असतं, पेन्सिलीच्या टोकासारखं, ते माती भेदत वर येतं आणि उजेड लागला की थांबतं, मग त्यातून पान बाहेर पडतं. या टोपणाची लांबी म्हणजे त्या बीची जमिनीखालची पोच. आता बुटकेपणाचे जे प्रसिद्ध दोन जीन्स आहेत ते काडासोबत हे टोपणही आखडतात, साधारण ६-८ सेंटीमीटरवर ते संपतं. वरची माती सुकलीय, ओल खाली १०-१२ सेंटीमीटरवर आहे, म्हणून बी खोल पेरलं, तर टोपण अर्ध्या वाटेत थांबतं आणि पान मातीच्या आतच उघडतं. उकरून बघितलं तर पिवळं पडलेलं, चुण्या-चुण्या होऊन दुमडलेलं पान सापडतं, वर ढकलायला आधारच नाही त्याला. उगवण विरळ, पुढचं सगळं मग कोणी काही करो. उंच जुना गहू त्याच खोलीवरून बिनबोभाट वर येतो. म्हणजे ज्या जीनला जग बदलल्याचं श्रेय देतात तोच जीन इथे पिकाचा गळा दाबतो, आणि दोष जीनचाही नाही नि मातीचाही नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलियासारख्या कोरडवाहू गव्हाच्या देशात संशोधक आता बुटकेपणाचे दुसरे जीन्स वापरायच्या मागे आहेत, काड आखूड पण टोपण लांब ठेवणारे.

आणि हे साठच्या दशकात माहीत नव्हतं असं समजू नका. भारतात १९६६ मध्ये मेक्सिकन गव्हाचं १८ हजार टन बी आणलं गेलं, ते नुसतं बी नव्हतं, त्याच्यासोबत लागवडीची रीतही बदलावी लागली. पेरणी उथळ करा, पाच सेंटीमीटरच्या आसपास, आणि पहिलं पाणी मुकुटमुळं फुटायच्या वेळी म्हणजे पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटाला द्या, चुकवू नका. उंच देशी गव्हाची पेरणी खोल असायची, सवय तीच होती. पाणी हातात असेल तरच उथळ पेरता येतं ना? गव्हाचं उत्पादन १९६४-६५ मधल्या १ कोटी २० लाख टनांवरून १९७०-७१ पर्यंत जवळपास दुप्पट झालं ते या बी-पाणी-खत-खोली या अख्ख्या गाठोड्यामुळे. आणि तेही मेक्सिकोतलं बी जसंच्या तसं नाही, त्याच सामग्रीतून इथल्या हवेत, इथल्या तांबेऱ्यात परत निवड करून कल्याणसोना, सोनालिका असे वाण काढले तेव्हा.

जीनवाल्यांचा हुकमी एक्का मात्र अजून बाकी आहे. ते म्हणतात, एकच मेक्सिकन गहू मेक्सिकोत, पंजाबात, तुर्कस्तानात सगळीकडे चालला, मग तुमचं शेतागणिक बियाणं हे सूत्र गेलं कुठे? बोरलॉग यांनी तर मुद्दामच वर्षातून दोन हंगाम घेतले, मेक्सिकोतच हिवाळ्यात सोनोरात जवळपास समुद्रसपाटीला आणि उन्हाळ्यात तोलुकाला २६०० मीटर उंचीवर, हजारभर किलोमीटर लांब. वेळ वाचावा एवढाच हेतू होता, आणि बियाण्याला मध्ये विश्रांती लागते असं मानणाऱ्या जाणत्यांचा त्याला विरोधही झाला. पण दोन्ही ठिकाणी जे तगलं तेच पुढे गेलं, आणि त्यातून नकळत असा गहू निवडला गेला ज्याला दिवसमानाचं सोयरसुतक नाही, दिवस लहान असो की मोठा, वेळ झाली की ओंबी टाकणार. हे यश मी मनापासून मान्य करतो. पण यातून काय सिद्ध होतं? हा गहू सगळीकडे चालला कारण त्याने वातावरणातली एक खूण, दिवसाची लांबी, वाचणं बंद केलं. म्हणजे तो जीनच मुळात वातावरणाशी बोलणारा जीन आहे, त्याचं तोंड बंद केलं एवढंच. आणि उरलेल्या गोष्टींत ती सगळी शेतं माणसाने आधीच एकसारखी करून ठेवली होती, कालवा, विहीर, युरिया. कोरडवाहू पट्ट्यात हाच गहू एवढा मिरवला नाही. व्यापक अनुकूलन, म्हणजे कुठेही जमवून घेणं, म्हणतात त्यातलं अर्धं अनुकूलन झाडाने केलेलं असतं आणि अर्धं पाटबंधारे खात्याने.

याच्या उलट टोकाचं उदाहरण हवं असेल तर पुराच्या भाताचं बघा. भात पाण्याखाली गेला की त्याच्यात इथिलीन वायू साठतो आणि झाडाला कळतं आपण बुडालो. आता करायचं काय? खोल पाण्याच्या भातात स्नॉर्कल नावाचे जीन्स आहेत, ते म्हणतात वाढ, पळ वर, आणि झाड दिवसाला २०-२५ सेंटीमीटरपर्यंत वाढून पान पाण्याबाहेर काढतं. दुसऱ्या काही भातांत सब-१ए नावाचा जीन आहे, तो म्हणतो गप्प बस, हलू नको, साखर जपून ठेव, आणि झाड दोन आठवडे पाण्याखाली दम धरून पूर ओसरल्यावर परत फुटतं. दोन्ही जीन्स एकाच घराण्यातले, बुडाल्याची बातमीही एकच, आणि सल्ला बरोबर विरुद्ध! यातला हुशार जीन कुठला? पाणी महिनोन्‌महिने साचून राहणार असेल तर गप्प बसणारा मरणार, पाणी आठ-दहा दिवसांत उतरणार असेल तर वाढणारा सगळी साखर खर्चून लोळणार. पाणी किती दिवस राहणार हे सांगितल्याशिवाय उत्तर देऊन दाखवा.

एक बाजू पूर्ण मिटवली की काय होतं ते इतिहासाने दोन्हीकडून दाखवलंय. सोव्हिएत रशियात लिसेंको नावाच्या शेतीतज्ज्ञाने थंडीच्या गव्हाला गारवा दाखवून वसंतात पेरायचा खटाटोप केला. त्यात तथ्य होतं, गव्हाच्या काही जातींना फुलायला आधी थंडी लागतेच, आणि किती लागते ते जीन्स ठरवतात. पण त्याने ताणलं की हा संस्कार पुढच्या पिढीत उतरतो, जीन्स वगैरे थोतांड, वातावरण दिलं की काहीही घडवता येतं. राजसत्ता पाठीशी होती. १९४८ मध्ये जनुकशास्त्रच अधिकृतपणे बाद ठरवलं गेलं, आणि त्याआधी १९४३ मध्ये निकोलाय वाविलोव्ह, ज्यांनी जगभरातून बियाणं गोळा केलं होतं, ते सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने गेले. दुसरीकडे अमेरिकेत १९७० साली मक्याच्या हायब्रीडपैकी बहुतेकांत एकच 'टेक्सास' नर-वंध्य पेशीद्रव्य, म्हणजे तुऱ्यात पराग होऊच न देणारा पेशीतला भाग, होतं, तुरे खुडायची मजुरी वाचते म्हणून. वर्षानुवर्षं त्याने कोणाला त्रास दिला नाही. मग करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार आला, तो हंगाम उबदार आणि दमट गेला, आणि देशातला सुमारे १५ टक्के मका बसला. ते पेशीद्रव्य वाईट होतं का? १९६९ पर्यंत नव्हतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो, ते म्हणजे सरासरी. ऑस्ट्रेलियात फिन्ले आणि विल्किन्सन या दोघांनी १९६३ मध्ये बार्लीच्या २७७ वाणांवर एक साधी युक्ती केली. प्रत्येक ठिकाण-हंगामात सगळ्या वाणांची सरासरी काढायची, तीच त्या शेताची श्रीमंती धरायची, आणि मग एकेक वाण शेत श्रीमंत होत जाईल तसा किती चढतो त्याची रेघ काढायची. कोणाची रेघ उभी, म्हणजे चांगल्या शेतात भरारी आणि वाईट शेतात आपटी, कोणाची आडवी, म्हणजे कुठेही ठेवा मध्यमच. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे क्रम उलटतो, आणि खरा प्रश्न तिथेच असतो. दोन वाणांची सरासरी सारखी असू शकते आणि तरी एक दुष्काळात घात करणारा आणि दुसरा सुकाळात हात आखडणारा. सिरियात २५० मिलिमीटरच्या आत पाऊस असलेल्या भागात साल्वातोरे चेकारेली यांनी हेच बार्लीत दाखवलं, चांगल्या जमिनीच्या संशोधन केंद्रावर जे वाण वरचढ ठरले ते या कोरड्या शेतांत स्थानिक वाणांच्या मागे पडले. केंद्रावर निवड करायचं कारण समजण्यासारखं आहे, तिथे जमीन एकसारखी, आकडे स्वच्छ येतात, वाणांतला फरक नीट दिसतो. पण स्वच्छ दिसतंय ते आपल्या कामाचंच आहे हे कोणी सांगितलं? हरवलेली किल्ली दिव्याखाली शोधणाऱ्या माणसासारखं आहे हे.

यावर ब्रीडर म्हणतील, प्रत्येक शेतासाठी वेगळा वाण काढायला आमच्याकडे ना पैसे ना जन्म, सरासरी काढावीच लागते. शंभर टक्के खरं. बियाणं तयार करून पोचवायचं तर काहीतरी मोठा पट्टा धरावाच लागतो, आणि ज्या परस्परक्रिया दर हंगामाच्या लहरीने येतात-जातात त्यांच्यामागे धावूनही उपयोग नाही. माझी मागणी त्याहून खूप कमी आहे. सरासरी काढा, पण तिच्यासोबत ठिकाणवार आकडेही छापा, सगळ्यात वाईट शेतात काय झालं ते लपवू नका, आणि जो फरक वर्षानुवर्षं त्याच प्रकारच्या शेतात परत परत दिसतो, कमी पाण्याचा, उशिरा पेरणीचा, खाऱ्या जमिनीचा, त्याला चूक समजून सरासरीत विरघळवू नका. डेटा बहुतेक वेळा असतोच हो, जाहीर करताना त्याचा एक आकडा होतो.

जाता जाता आणखी एका आवडत्या युक्तिवादाचं बघू, "इतकी वर्षं नवे वाण काढताय, उत्पादन तर जागच्या जागी आहे." ऑस्ट्रेलियातल्या गव्हाचं सरासरी उत्पादन १९९० ते २०१५ या काळात खरंच थबकलं होतं. पण २०१७ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की पाऊस घटल्यामुळे आणि तापमान वाढल्यामुळे मिळू शकणारं उत्पादनच १९९० ते २०१५ मध्ये २७ टक्क्यांनी खाली आलं होतं. म्हणजे जमीन पायाखालून सरकत असताना उत्पादन जागेवर राहिलं ते नवे वाण आणि सुधारलेली मशागत यांच्या जोरावर. फ्रान्सच्या गव्हातही नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून असंच, वाण सुधारतच होते, दाणे भरायच्या वेळचा उष्मा तो फायदा खात होता. सपाट रेघ बघून बियाण्याने काही केलं नाही म्हणणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या माणसाला काठावरून बघून म्हणणं की हा नुसता हात हलवतोय.

आणि तो सब-१ए जीन आला कुठून ते राहिलंच. ओडिशातला धालपुटिया नावाचा एक जुना भात, त्यातून वेगळा काढलेला एफआर-१३ए. उत्पादन बेताचं, दाणा सामान्य, चांगल्या पाण्याच्या प्लॉटमध्ये नव्या वाणांशेजारी उभा केला तर बघवणार नाही असा. पूर सोसण्याचा जीन त्यातून शोधून वेगळा करायला २००६ उजाडलं, २००९ मध्ये तो स्वर्णा या लोकप्रिय भातात घालून भारतात लागवडीला आला, आणि पूर आला नाही त्या वर्षी स्वर्णा-सब-१ आणि साधा स्वर्णा यांच्या उत्पादनात फरक सापडत नाही. ज्या चाचण्यांत शेत बुडालंच नाही त्या सगळ्या चाचण्यांत हा जीन शून्य टक्के.